‘सर, आप बैठो’: शिलाँगमधला नाताळ

शिलाँगला बदली झाली म्हटल्यावर बँकेतल्या लोकांनी थंडीची काळजी केली, आईने नाताळाची. आम्ही वसईचे, सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. आमच्याकडचा माणूस आखातात असो नाहीतर जहाजावर, नाताळाला घरी पोचायची धडपड करतोच. मी रुजू झालो नोव्हेंबरात. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात रजेचा अर्ज टाकला तर साहेबाच्या कपाळावर आठ्या येणारच, आणि इथे तर शाखेतले बरेचसे लोक स्वतःच ख्रिस्ती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या रजा त्यांनी केव्हाच आपापसांत वाटून घेतल्या होत्या. गुवाहाटी-मुंबई तिकिटाचा आकडा एकदा पाहिला आणि मोबाइल खिशात टाकला.

गंमत अशी की सुट्ट्या इथे जास्त. महाराष्ट्रात नाताळाची बँकेला सुट्टी २५ डिसेंबरची, तेवढीच. मेघालयात २४ ला सुट्टी, २५ ला सुट्टी, २६ लाही सुट्टी. शिवाय ३० डिसेंबरला उ कियांग नांगबा यांचा स्मृतिदिन. जैंतिया टेकड्यांत इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या माणसाला १८६२ साली त्या दिवशी जोवाईला फाशी दिलं. पण सुट्ट्या असल्या म्हणून काय? आधी शंभरेक किलोमीटर डोंगर उतरून गुवाहाटी, तिथून तीन तासांचं विमान, मग मुंबईहून वसई, आणि पोचल्या पोचल्या परतीची घाई. शिवाय सुट्ट्यांच्या मागेपुढे शाखा उघडायला कुणीतरी हवं. तो कुणीतरी मी होतो.

खोली लैतुमख्राह या वस्तीच्या वरच्या अंगाला मिळाली. घर जुन्या आसामी पद्धतीचं: लाकडी चौकट, बोरूच्या कुडाला गिलावा, वर पत्रा. १८९७ च्या भूकंपात शिलाँगमधली दगडी बांधकामं कोसळली, त्यानंतर लोक असली हलकी घरं बांधू लागले. भूकंपात बरी असतील, थंडीत अजिबात बरी नाहीत. रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो आणि फटींमधून वारा आत येऊन पांघरुणाची चौकशी करतो. घरमालकीण साठीच्या आसपासची, शाळेतून निवृत्त झालेली. सगळे तिला ‘कोंग’ म्हणतात, म्हणजे ताई. मीही तेच म्हणू लागलो. पहिल्याच आठवड्यात तिने कोळशाची शेगडी आणून दिली आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवायची ताकीद दिली. दरवर्षी कुणीतरी खिडकी बंद करून झोपतं आणि सकाळी उठत नाही, हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी थंडीत कुडकुडलो, पण खिडकी कधी लावली नाही.

सूर्य इथे साडेचारलाच डोंगरामागे जातो. बँकेतून बाहेर पडावं तर रात्र. पहिले काही दिवस त्या अंधाराचाच जास्त त्रास झाला. वसईत साडेचार म्हणजे दुपारचा चहा. पोरं अजून क्रिकेट खेळत असतात.

आणि त्या अंधारात सगळीकडे नाताळ. पोलीस बाजार नावाच्या बाजारपेठेत दिव्यांच्या माळा, लैतुमख्राहच्या रस्त्यावर दिव्यांच्या माळा, काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागच्या सीटवर चौघं कोंबून बसलेले आणि रेडिओवर इंग्रजी नाताळगीतं. बेकऱ्यांच्या दारात फळांच्या केकची उतरंड. २०११ च्या जनगणनेत या राज्यातले सुमारे ७५ टक्के लोक ख्रिस्ती होते. मी मनाशी म्हणालो होतो, नाताळासाठी याहून सोपं गाव सापडायचं नाही. मुंबईच्या ऑफिसात मी ‘तुमचा तो केकवाला सण’ ऐकत वाढलेला माणूस. इथे सण समजावून सांगावा लागणार नव्हता.

तो समजावून सांगावा लागला नाही हे खरं. पण डिसेंबरचा पहिला पंधरवडा मी जितका रिकामा आणि चिडचिडा काढला तितका दिवाळीत परगावी अडकलो असतानाही काढला नव्हता. कारण कळायला थोडा वेळ लागला.

लोक वाईट होते असं मुळीच नाही, उलट फारच चांगले होते. शाखेतल्या तिघांनी घरी बोलावलं. कोंगच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एका संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता, तिथे ती मला घेऊन गेली. खासी टेकड्यांत वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ साली आला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत बसवली, एवढं मी वाचलं होतं. त्या लोकांनी गायनही शिकवलं हे त्या संध्याकाळी कानांनी कळलं. साधी माणसं, भाजीवाले, शिक्षक, ड्रायव्हर, उभे राहून चार वेगवेगळ्या आवाजांत गातात आणि ते चार आवाज एकमेकांत बसतात. हातातल्या कागदावर पाच रेघांचं नोटेशन नव्हतं, सा-रे-ग-म सारखी सुरांची अक्षरंच छापलेली होती. आमच्या वसईच्या देवळात सगळे मिळून एकच चाल गातात आणि जो जास्त मोठ्याने गातो त्याचा सूर खरा. मला शेजारच्या गृहस्थाने विचारलं, तुम्ही टेनर की बास? मी म्हटलं, मी वसईचा. तो हसला आणि कागद परत घेतला.

सगळीकडे असंच. गेलं की खुर्ची मिळायची. लाल चहा मिळायचा, केकचा तुकडा मिळायचा, क्वाइ मिळायची, म्हणजे ओली सुपारी, चुना आणि विड्याचं पान. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा कानशिलं तापली आणि घाम फुटला, थंडीत ते बरंच वाटलं. पानवेलीच्या मळ्यांच्या गावचा मी, पानाला नाही कशाला म्हणतोय? पण खाऊन झाल्यावर काय? उठून काही उचलायला जावं तर लगेच, ‘सर, आप बैठो, हम करेगा.’ कपबशा विसळायला गेलो तरी तेच. डिसेंबरचे ते दिवस मी अक्षरशः बसून काढले.

वसईत डिसेंबरात बसायला कुणाला फुरसत असते? तिथला नाताळ म्हणजे महिनाभराची हमाली. आई कुलकुलांचं, म्हणजे नाताळाच्या गोड तळणीचं, पीठ मळते आणि घरात जो दिसेल त्याच्या हातात काटा देते, वळत बसा. नेवऱ्यांचं सारण चाखायला मिळतं, पण आधी दोन नारळ खवून द्यावे लागतात. व्हिनेगर संपलं, मैदा संपला, स्टारमधला बल्ब उडाला, देवळात साफसफाईला आपल्या आळीची पाळी आहे, अमक्याच्या म्हातारीला मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, न्यायचं आहे. संध्याकाळ झाली की गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. आमच्या भागात गोठ्यांच्या स्पर्धा असतात आणि त्यांवरून वर्षभर न बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. बांबू कुणाच्या वाडीतून तोडायचा, पेंढा कुणी आणायचा, नदी खऱ्या पाण्याची करायची की काचेची, याच्या बैठका पहाटेपर्यंत. सगळ्यात एक समान धागा: कुणी ना कुणी तुमच्यावर ओरडत असतं.

एका रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे मोबाइल फ्रिजला टेकवून ठेवलेला. आई धाकट्यावर करवादत होती, ‘ती वायर पावसाळ्यात कुठे टाकलीस, आता मी शोधू?’ धाकटा पप्पांवर ढकलत होता, पप्पा पेपरामागे. आजी मधूनच मला विचारत होती, जेवलास का? दहा मिनिटं कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मी बघत बसलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की मला त्या केकचं काही नाही, केक इथे जास्त चांगला मिळतो. त्या वायरीचा हेवा वाटत होता. ती माझीच जागा होती. दरवर्षी वायर मी हरवतो आणि बोलणी मी खातो.

परगावी सण एकट्याने काढणाऱ्यांना लोक हटकून सांगतात, कुणाकडे तरी जेवायला जा. जेवायला गेल्याने पोट भरतं, बाकी काही होत नाही. पाहुण्याला सण दिसतो, त्याच्या अंगाला लागत नाही.

मग मी नाचणी पेरली.

आमच्या घरी गोठ्यातली हिरवळ नाचणीची असते. परातीत बोटभर माती, त्यावर रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पसरायची, वरून मातीची चाळण, ओलं फडकं. वसईच्या हवेत तिसऱ्या दिवशी मोड मातीबाहेर डोकावतात आणि दहा-बारा दिवसांत बोटाएवढी गच्च हिरवी शेती तयार. नाचणी आईने सामानात दिली होतीच. तिने सत्त्वासाठी दिली होती, ते सोडा. परात कोंगची मागून घेतली. माती अंगणातली. हे सगळं करून परात खोलीत खिडकीशी ठेवली आणि वाट बघत बसलो. तीन दिवस झाले, चार झाले, काही नाही. एक दाणा चिमटीत घेऊन फोडला तर आत पांढराशुभ्र, टणक, पेरल्या दिवशी होता तसाच. चार अंशांत नाचणीने डोकं वर काढावंच का?

कोंगने परात पाहिली. मी काय चाललंय ते सांगितलं. त्यांच्या चर्चच्या परंपरेत गोठा मांडत नाहीत, घरात झाड आणि स्टार असतो, त्यामुळे गोठ्यासाठी धान्य उगवायचं हे ऐकून तिला आधी हसू आलं. मग परात उचलून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे चूल दिवसभर धगधगत असते, वर मांस वाळवायची फळी टांगलेली. परात चुलीच्या मागच्या कट्ट्यावर ठेवली, फडकं काढून जुनं पोतं घातलं आणि मला म्हणाली, ‘अभी तुम हाथ मत लगाना.’ शिलाँगमध्ये मला मिळालेला हा पहिला हुकूम.

दोन दिवसांत मोड आले. पण उजेड नसल्यामुळे फिकट पिवळे, लांबट, माना टाकलेले. मग दिवसा अंगणातल्या उन्हात आणि दुपार कलली की परत चुलीपाशी, अशी परातीची ने-आण सुरू झाली. मी बँकेत असताना ही ड्यूटी कोंगच्या भाच्याकडे आली. त्याला ते काम आवडलं नाही, त्याने ते स्पष्ट सांगितलं, आणि माझ्याकडून त्याबद्दल मोबाइलचं रिचार्ज वसूल केलं. पिवळेपणा हळूहळू गेला. वसईएवढी गच्च आली नाही, पण गाईच्या पुतळ्याला तोंड घालायला पुरेल इतकी आली.

आता उगवलेलं न्यायचं कुठे? खोलीत गोठा मांडून एकट्याने बघत बसायचं माझ्या जिवावर आलं. आमच्या वस्तीतली कॅथलिक पोरं कॅथीड्रलच्या उताराखाली एका मोकळ्या जागेत गोठा उभा करत होती, येताजाता दिसायचा. कॅथीड्रलबद्दल दोन ओळी सांगायलाच हव्यात. शिलाँगमध्ये कॅथलिक मिशनरी आले ते १८९० साली, जर्मन साल्वातोरियन संघाचे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्या जर्मनांना घालवलं आणि १९२२ मध्ये सालेशियन संघाचे आले. त्यांचं जुनं लाकडी देऊळ १९३६ साली ऐन गुड फ्रायडेला जळून गेलं. आजची निळी, उंच कमानींची इमारत त्यानंतरची. रस्त्यापासून बऱ्याच पायऱ्या चढून जावं लागतं. दम लागतो. आमचं वसईचं ख्रिस्तीपण पोर्तुगीजांपासूनचं, सोळाव्या शतकातलं, त्यामुळे इथलं सगळं मला फारच अलीकडचं वाटायचं. हा कुपाऱ्याचा उगाचचा तोरा, दुसरं काय.

तर मी परात घेऊन त्या पोरांकडे गेलो. त्यांनी परात घेतली, ‘खुब्लेइ’, म्हणजे आभार, म्हणाले, एकाने खुर्ची आणली. ‘सर, आप बैठो.’

बसलो. समोर ते छप्पर शाकारत होते. चौकट बांबूची, उत्तम बांधलेली, बांबूतलं त्यांच्यासमोर मी काय बोलणार? पण पेंढा ते वरून लावत होते. आधी आढ्यावर जाड थर, मग खाली उतरत. आमच्याकडे शाकारणी वळचणीपासून सुरू होते. खालची ओळ आधी, तिच्या बांधावर वरची ओळ, शेवटी आढं झाकायचं. असं केलं तर एकही बंध बाहेरून दिसत नाही आणि पाणी ओघळून जातं. त्यांचं प्रत्येक ओळीचं सुतळीचं बांधकाम उघडं पडत होतं आणि ते झाकायला ते पुन्हा वर पेंढा खोचत होते. मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग राहवलं नाही.

‘नीचे से शुरू करना पड़ता है,’ मी म्हटलं. एक पोरगा म्हणाला, ‘सर, दिसंबर में बारिश नहीं आएगा.’ मेघालयातल्या माणसाने मला पावसाचं सांगावं हे योग्यच होतं. मी म्हटलं, पावसासाठी नाही रे, दिसायला. तो म्हणाला, दिसतंय की छान. आमची चांगलीच जुंपली. त्याचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही इतकं वाईट की भांडण रंगलं. शेवटी त्यांच्यातला एक वयस्कर माणूस, जो इतका वेळ बाजूला बसून कोयत्याने बांबूच्या कामट्या काढत होता, तो उठला, अर्धा लागलेला पेंढा त्याने ओढून खाली पाडला आणि मला म्हणाला, ‘दिखाओ.’

मी स्वेटर काढला आणि शिडीवर चढलो. पेंढा री-भोई जिल्ह्याकडून आलेला, आमच्यापेक्षा आखूड. पेंढ्या मुठीएवढ्या करायच्या, बुडखा वर, शेंडा खाली, दोन कामट्यांच्या चिमट्यात धरून आवळायच्या. दोन ओळी झाल्या. हात कापत होते, बोटं थंडीने बधिर, सुतळी घसरत होती. तेवढ्यात म्हाताऱ्याने खालून बघितलं आणि त्याचा आवाज चढला. ‘यह गाँठ कौन बाँधा? यह गाँठ नहीं चलेगा!’ त्याने मला खाली उतरवलं, माझी गाठ सगळ्यांदेखत एका झटक्यात सोडून दाखवली, आणि सुतळी फेकून देऊन बांबूची ओली बारीक पट्टी घेतली. पट्टी दोन फेरे घ्यायची, टोकाला पीळ द्यायचा आणि पीळ स्वतःच्याच फेऱ्याखाली दाबायचा. गाठ नाहीच. वाळली की आणखी आवळते. मला तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा तो नुसता हुंकारला आणि परत कामट्या काढायला बसला.

पोरं हसत होती. मीही हसत होतो. त्या संध्याकाळी खुर्ची कुणीतरी उचलून नेली आणि तिच्यावर पुतळ्यांचं खोकं ठेवलं. रात्री निघताना म्हाताऱ्याने विचारलं नाही, सांगितलं, उद्या बँक सुटली की ये, अजून मागची बाजू आहे. दुसऱ्या दिवशी पोचायला उशीर झाला तर बोलणी बसली. ‘सर’ कधी गळून पडलं आणि ‘बाह’ कधी लागलं, म्हणजे दादा, ते कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं फार नाही. बाजारात गेलो, शेवाळ आणलं, पाइनच्या फांद्या ओढल्या. इउदुहच्या बाजारातली गर्दी मात्र एकदा तरी बघावी: उतारावर एकाला एक लागून गल्ल्या आणि गल्ल्यांत बहुतेक सगळ्या विक्रेत्या बाया, गल्ला त्यांच्याच हातात. डुकराच्या मटणाच्या रांगेत उभा असताना शेजारी सुक्या मासळीचा ढीग दिसला. वास आला आणि क्षणभर नायगावच्या खाडीवर गेलो. इथे त्याची मिरची घालून चटणी करतात, तुंगताप. आमची सुकटीची चटणी हिच्यापुढे गरीब गाय. वसईकरांनी माफ करावं.

२४ च्या रात्री मिस्साला गर्दी पायऱ्यांपर्यंत. बायका जैनसेममध्ये, म्हणजे खासी पोशाखात, वर चौकड्यांच्या लोकरी शाली डोक्यावरून घेतलेल्या. आमच्या आज्यांची लाल चौकड्यांची लुगडी आठवली नसती तरच नवल. मिस्सा खासीत. एक शब्द कळला नाही, पण मिस्सा कधी उभी राहते, कधी गुडघे टेकते ते अंगाला माहीत असतं. बायबलमधलं यशयाचं वाचन कुठे संपलं आणि लूकचं शुभवर्तमान कुठे सुरू झालं तेही नेमकं कळलं. बऱ्याच जणांना अशा वेळी भरून येतं. मला नाही आलं. मला काळजी होती ती गोठ्यातल्या दिव्याची, कारण वायरिंग माझ्याकडे होतं आणि एक बल्ब संध्याकाळपासून फडफडत होता. प्रार्थनेच्या मध्ये मी दोनदा खिशातला टेस्टर चाचपला. मिस्सा सुटल्यावर सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते आणि मी उतारावरून धावत खाली. दिवा चालू होता. म्हातारा आधीच तिथे उभा होता. नाचणीकडे बघून म्हणाला, ‘थोड़ा कम है.’

नाताळाचं जेवण कोंगकडे. खासी घरात वारसा आईकडून मुलीकडे जातो, आणि घर मिळतं ते धाकट्या मुलीला. तिला ‘खाद्दुह’ म्हणतात. घर मिळतं म्हणजे म्हातारे आईबाप मिळतात, सगळ्या कुळाचे समारंभ मिळतात, पडलेल्या झडलेल्या भावंडांना आसरा द्यायची जबाबदारीही मिळते. कोंग खाद्दुह. त्यामुळे सकाळपासून तिचे भाऊ बायकापोरांसह येऊ लागले. आमच्याकडे नाताळाला लेकी माहेरी येतात. इथे साठ-पासष्टचे भाऊ बहिणीच्या घरी येऊन ‘आमची खोली’ दाखवत होते. एक मामा ख्रिस्ती नव्हते, जुना खासी धर्म पाळणारे. त्यांचा सण २३ नोव्हेंबरला होऊन गेला होता. प्रार्थनेच्या वेळी ते बाहेर ऊन खात बसले, जेवणाच्या वेळी पहिले आत आले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला तिने सकाळी सातलाच दार वाजवून उठवलं होतं. काळे तीळ वाटायचे होते. दोहनेइओंग म्हणजे काळ्या तिळाच्या वाटणातलं डुक्कर. तीळ आधी कोरडे भाजायचे, तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, क्षणभर जास्त झाले तर कडू. वाटताना तेल सुटेपर्यंत थांबायचं नाही. वाटण डांबरासारखं काळं होतं आणि दंडात गोळे येतात. भाचा माझ्या शेजारी कांदे चिरत रडत होता आणि परातीची ड्यूटी बरी होती म्हणत होता. मी घरून आलेला बाटलीतला मसाला काढला आणि थोड्या मटणाचं इंद्याल, म्हणजे आमच्याकडचं मसालेदार कालवण, केलं. मोठ्या भावाने चाखून सांगितलं की यात मसाला फार आहे, मटणाची चव कुठे गेली? मी म्हटलं, आमच्याकडे मसाल्याचीच चव बघतात. पातेलं मात्र त्यानेच रिकामं केलं.

आगाशीची सुकेळी मी कोंगला आधीच दिली होती, राजेळी केळ्यांची, उन्हात सुकवून पानात बांधलेली. ती तिने जेवणानंतर काढली आणि सगळ्यांना एकेक वाटली. ही काय वस्तू म्हणून चर्चा झाली. एका मुलीने तुकडा चघळत विचारलं, हे मांस आहे का? रंगावरून तसं वाटू शकतं.

दुपारी घरी फोन लावला तर माझ्याकडे वेळ नव्हता. भांडी घासायची होती. आई म्हणाली, एवढी घाई कसली, दोन मिनिटं बोल की. मागून धाकटा ओरडला, वायर सापडली, माळ्यावर तूच ठेवली होतीस. मी नाही म्हणालो. तो वाद अजून चालू आहे.

२६ नंतर बँक उघडली तेव्हा शाखेत मी आणि आणखी एक जण. बाहेर रांग, आत वर्षअखेरीचे हिशेब. त्याच आठवड्यात गोठ्यावाली पोरं एका दुपारी काउंटरवर आली. मला वाटलं, पैसे भरायचे असतील. त्यांनी एक चपलांच्या दुकानाची पिशवी पुढे केली. तिच्यात वर्गणीच्या पावत्या, बांबूवाल्याची चिठ्ठी, टेम्पोचं भाडं, माळांची बिलं, चहाच्या टपरीची उधारी, आणि एक कागद ज्यावर नुसतं ‘दोरी’ असं लिहून पुढे आकडा होता. कधीची, कुणी घेतली, काही नाही. म्हाताऱ्याने निरोप पाठवला होता: बाह बँकेत आहे, त्याला हिशेब येतो, जानेवारीच्या सुरुवातीच्या तीन राजांच्या सणाच्या आत वही फादरांकडे द्यायची आहे.

मी पिशवी घेऊन टाकली. रात्री शेगडीपाशी बसून जमा-खर्च मांडला तर तीनशे चाळीस रुपयांचा फरक येतोय. दोरी दोनदा लागली आहे असा माझा संशय आहे, कारण शाकारणीला दोरी लागलीच नाही, म्हाताऱ्याने बांबूच्या पट्ट्या वापरायला लावल्या. हे त्याला सांगितलं तर तो म्हणतो, तुझ्या त्या सुटलेल्या गाठींची सुतळी कोण मोजणार? रविवारी मिस्सानंतर बैठक ठेवली आहे. चहा पोरं आणणार आहेत, वही मी.